लालबागेला गुलाब हवेत, पण आधी माळी हवेत

लालबागेचे उद्यान पुन्हा सजावे, तेथले गुलाबाचे ताटवे पूर्वीसारखे फुललेले पाहावेत, ही इच्छा इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून वारंवार बोलून दाखवली जाते. सणावारी चार मंडळी जमली आणि होळकरशाहीचा विषय निघाला, की लालबागेच्या गुलाबांचा उल्लेख ठरलेलाच. इच्छा स्तुत्य आहे. परंतु ‘पूर्वीसारखे’ या एका शब्दात काय काय सामावलेले आहे, याचा विचार त्या मानाने फार थोडा होतो. एखाद्या सुमुहूर्तावर हजार-दोन हजार रोपे आणावीत, फीत कापावी, छायाचित्रे छापून यावीत, म्हणजे बाग उभी राहिली, अशी कोणाची समजूत असेल तर ती वेळीच दूर झालेली बरी. गुलाबाची बाग अशी उभी राहत नाही. आणि राहिलीच, तर तीन उन्हाळे काढीत नाही.

प्रथम लालबागेची थोडी ओळख. खान नदीच्या, म्हणजे हल्ली जिला कान्ह म्हणतात त्या नदीच्या काठी हा राजवाडा १८८६ च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीच्या अखेरीस सुरू झाला, शिवाजीरावांच्या काळात वाढला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ साली पुरा झाला. एका वास्तूला तीन राजवटी लागल्या. सारा परिसर २८ हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ सत्तर एकरांचा. बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतवून जहाजाने मुंबईस आणि तेथून इंदुरास आणलेले लोखंडी फाटक आजही लोक कौतुकाने पाहतात. या सगळ्याच्या जोडीला होती ती बाग. आणि तीमधल्या गुलाबांचा लौकिक असा, की देशातल्या उत्तम गुलाबबागांत तिची गणना होई.

आता फाटक आणि गुलाब यांतला भेद पाहा. फाटकाला चार-पाच वर्षांनी रंगाचा हात दिला, गंज खरवडला, की ते आणखी शंभर वर्षे उभे राहील. आपला जुना राजवाडा १९८४ च्या आगीत जळाला, तरी त्याचा मोठा भाग पुढे जुन्या पद्धतीने पुन्हा उभारता आला. लाकूड, विटा, चुना एकदा जागी बसले की ते राहतात. गुलाबाच्या झाडाचे तसे नाही. उत्तम निगा राखली तर कलमी गुलाब पंधरा-वीस वर्षे चांगली फुले देतो, मग थकतो. म्हणजे तिसऱ्या तुकोजीरावांनी पाहिलेला गुलाब आज त्या वाफ्यात असणे शक्यच नाही. त्यांच्या हयातीतही ती झाडे एकदा-दोनदा बदलली गेली असलीच पाहिजेत. मग जुनी म्हणून जी बाग आपण जपू पाहतो, तीत जुने असते ते काय?

जुनी असते ती तिची आखणी. रेखीव बाग ही रानासारखी आपोआप वाढलेली नसते. मधोमध एक रेषा, ती रेषा वाड्याच्या दाराशी किंवा सज्जाशी जुळलेली. तिच्या दोन्ही अंगांना एकमेकांना तोलून धरणारे वाफे. वाफ्यांच्या कडा, वाटांची रुंदी, कोठे वळायचे आणि कोठे थबकायचे याचे ठरलेले माप. वाटेवरून चालणाऱ्या माणसाला हे माप दिसत नाही, पण जाणवते. आम्हा गाण्यातल्या माणसांना हे लवकर उमगते, कारण आमची बंदिश अशीच असते. स्थायी-अंतऱ्याचे शब्द, त्यांचे वजन, समेची जागा ठरलेली. गाणारा गळा आज एक, उद्या दुसरा. गळे बदलले म्हणून बंदिश नवी होत नाही. पण समेची जागा हलली तर गळा कितीही गोड असो, ती बंदिश राहत नाही.

ही केवळ आमच्या पेशाची उपमा आहे असे नाही. ऐतिहासिक उद्यानांच्या जतनासाठी १९८१ साली फ्लॉरेन्स येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तीत हाच विचार आहे: बाग हे जिवंत स्मारक आहे, तिचे घटक नाशवंत आहेत आणि पुन्हा लावता येतात, म्हणून तिचे जतन अखंड निगेवर अवलंबून असते, आणि पुरेशा अभ्यासावाचून जीर्णोद्धाराला हात घालू नये. अभ्यास आधी, काम नंतर, आणि निगा कायमची, असा हा क्रम आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा चालतो.

तेव्हा पहिले काम मोजणीचे. लालबागेच्या वाफ्यांच्या मूळ कडा कोठे होत्या, पाण्याचे नळ कोठून गेले होते, वाटांखाली कोणता मुरूम आहे, हे जमीन हलक्या हाताने खणून आणि जुने नकाशे व छायाचित्रे पडताळून ठरवावे लागेल. एकदा आराखडा कागदावर नीट उतरला की घाई कसलीच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातली गुलाबबाग बिॲट्रिक्स फॅरंड या उद्यानरचनाकार बाईंनी १९१६ साली आखली. महायुद्धाच्या दिवसांत लोखंड मिळेना, म्हणून कुंपण आणि मधला मंडप राहून गेला. आराखडा मात्र जपून ठेवलेला होता, आणि १९८८ साली, म्हणजे ७२ वर्षांनी, त्याबरहुकूम ते काम पुरे झाले. पुढे तिथल्या मंडळींनी औषधांच्या फवाऱ्यांवाचून न जगणारी झाडे काढून रोगाला दाद न देणारे गुलाब लावले. झाडे बदलली, रेषा कायम राहिल्या. ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ वाढले, त्या शहराला विलंबित लयीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

मोजणीत एक अडचण हमखास निघेल. शंभर वर्षांपूर्वी जी झाडे रोपटी होती ती आता वृक्ष झाली आहेत, आणि गुलाबाला दिवसाकाठी निदान सहा तास ऊन लागते. वृक्ष तोडून गुलाब लावा, असे कोणी म्हणेल तर माझा त्याला विरोध आहे. जेथे सावली पडते तेथे वाफ्याचा आकार राखावा आणि त्यात कुंती, तगर असे सावली सोसणारे काही लावावे. आखणी वाचते आणि वृक्षही वाचतो.

दुसरे काम मातीचे. माळव्याची काळी जमीन गव्हा-हरभऱ्याला मानवते, पण गुलाबाला ती तशीच्या तशी चालत नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मुळे तुटतात. शिवाय ज्या वाफ्यात वर्षानुवर्षे गुलाबच होता, तेथे नवा गुलाब नीट धरत नाही. माती जणू गुलाबाला कंटाळलेली असते. जाणते माळी अशा वाफ्यातली दीड-दोन फूट माती काढून टाकतात आणि दुसरी भरतात, किंवा दोन-एक वर्षे तेथे झेंडूसारखे दुसरे पीक घेतात. झेंडूने मुळांना लागणारे सूत्रकृमीही कमी होतात. वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच, तळाशी पाण्याला वाट, वर पोयटा, रेती आणि पुरते कुजलेले खत, एवढे केल्याशिवाय रोपांच्या गाड्या फाटकातून आत घेऊच नयेत.

खताच्या बाबतीत आपले शहर तर भाग्यवान आहे. ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा करण्याची सवय इंदूरकरांनी लावून घेतली, आणि २०१७ पासून वर्षामागून वर्ष देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळवला. देवगुराडिया येथे २०२२ साली सुरू झालेला ओल्या कचऱ्याचा कारखाना दिवसाला ५५० टन कचरा घेईल अशा क्षमतेचा आहे. त्यापासून वायू होतो आणि मागे उरते ते खत. आपल्याच स्वयंपाकघरातल्या सालपटांचे खत तपासून, मुरवून लालबागेच्या वाफ्यात पडले, तर पूर्वी राजाची असलेली ही बाग खऱ्या अर्थाने नगरवासीयांची होईल.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. माती झाली, आखणी झाली, तरी बाग चालते ती माळ्याच्या हातावर. गुलाबाचे वर्षाचे वेळापत्रक कडक असते. पाऊस सरला, दसरा झाला, की छाटणी. छाटणीपासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बहर. सारे ताटवे एकदम फुललेले पाहायचे असतील तर सारी छाटणी दोन-तीन आठवड्यांत उरकली पाहिजे. हिशेब करून पाहा. एका झाडाला दहा मिनिटे धरली, तर हजार झाडांना दहा हजार मिनिटे, म्हणजे सुमारे १६७ तास. आठ तासांचा दिवस धरला तर एका माळ्याचे एकवीस दिवस झाले. त्यात आळी करणे, खत घालणे, पाणी देणे, भुरी आणि पानांवरचे काळे ठिपके पाहणे, खवले कीड खरवडणे हे काहीच धरलेले नाही. म्हणजे हजार झाडांमागे छाटणीच्या दिवसांत एक जाणता माणूस केवळ कात्री घेऊन उभा हवा.

आणि जाणता म्हणजे काय? कलमी गुलाबाच्या झाडात दोन झाडे असतात. खाली खुंट दुसऱ्याच कणखर जातीचा, वर डोळा भरलेला हव्या त्या गुलाबाचा. खुंट चिवट. संधी मिळताच तो जोडाखालून आपला फुटवा वर काढतो. तो फुटवा दिसायला जोमदार, हिरवागार. नवखा माणूस खूश होऊन त्याला पाणी घालतो. दोन वर्षांत खुंट वरच्या गुलाबाला गिळून टाकतो, आणि मग पाहणारे म्हणतात, हवा मानवली नाही, फुले गावठी निघाली. फुटवा कोणता आणि कामाची फांदी कोणती, डोळ्याच्या किती वर आणि कोणत्या बाजूला तिरपा छेद घ्यायचा, हे पुस्तकात छापलेले असते. पण हाताला ते येते जाणत्याच्या शेजारी बसून, तीन-चार छाटण्या पाहिल्यावर. ही गुरुमुखी विद्या आहे. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना स्वरलिपी वाचता येते, तरी मिंडीची जागा त्यांना समोर बसवूनच द्यावी लागते.

अकरा महिन्यांच्या मक्त्यावर आणलेला माणूस ही विद्या कशी शिकणार, आणि शिकला तर कोणाला देणार? मक्ता संपतो, कात्री दुसऱ्याच्या हाती जाते, आणि झाडाचा इतिहास कोणाच्याच ध्यानात राहत नाही. अनेक शहरांतल्या सार्वजनिक बागांत हेच घडलेले आहे. रोपांवरचा खर्च एकदाच होतो आणि तो दिसतो. माळ्याचा पगार दर महिन्याला होतो आणि तो दिसत नाही. म्हणून अंदाजपत्रकात रोपे असतात, माळी नसतो.

माझे वडील होळकर दरबारच्या गवयांतले अगदी धाकटे. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. ते सांगत, की दरबार गेला तेव्हा वाद्ये कोणी नेली नाहीत, ती गवसणीत होती तशीच राहिली; गेली ती ती जुळवणारी माणसे. कोणी गावी गेले, कोणी शिकवण्या धरल्या, कोणाच्या मुलांनी तो धंदाच सोडला. पुढे कोणाला हौस आली तेव्हा तंबोरे सापडले, पण जवारी काढणारा शोधावा लागला. दरबारी माळ्यांची गोष्ट याहून वेगळी असणार नाही. गवयांची निदान नावे राहिली. नाना पानशांच्या पखवाजाची कीर्ती आजही सांगितली जाते. ज्यांनी ते ताटवे फुलवले त्या माळ्यांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही.

आता गुलाब कोणते लावावेत? बाग १९२१ पर्यंतची, तेव्हा मधल्या मुख्य ताटव्यात त्या काळापर्यंतचे गुलाब असावेत, असे माझे मत आहे. १८६४ चा पिवळा, सुगंधी मारेशाल नील. १८६७ चा ला फ्रान्स. १९०१ चा पांढराशुभ्र, पण वासाला जवळजवळ नाहीच असा फ्राउ कार्ल ड्रुश्की. मात्र यादीत बसतो म्हणून प्रत्येक जुना गुलाब लावण्यात अर्थ नाही. थंड मुलखातले काही जुने गुलाब आपल्या उन्हाळ्यात नुसती पाने काढीत बसतात. चिनी आणि चहा जातीच्या गुलाबांचे रक्त ज्यांत आहे, ते उष्ण हवेला अधिक मानवतात. बाहेरच्या वर्तुळात आपल्या देशात निपजलेले गुलाब असावेत. गव्हावरच्या संशोधनाने नाव मिळवलेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचेही मोठे निर्माते होते. त्यांचे आणि त्यांच्यामागून आलेल्यांचे गुलाब आपल्या उन्हातच वाढलेले आहेत. दोन्ही वर्तुळांत प्रत्येक वाफ्याशी गुलाबाचे नाव आणि साल लिहिलेले असावे. नुसत्या मोठ्या फुलाच्या, भडक रंगाच्या आणि वास नसलेल्या बाजारी रोपांनी वाफे भरले, तर ती गुलाबांची गर्दी होईल, लालबाग होणार नाही.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा, की ही विलायती हौस, ती आपण का पोसावी? पण युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांना चीनच्या गुलाबांपासून मिळाला, आणि त्यांतले काही अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातूनच तिकडे गेले. जो गुलाब इकडून जाऊन नवे रूप घेऊन परत आला, त्याला परका कसे म्हणावे? पेटीही युरोपातूनच आली. तिच्यावाचून आपल्या किती मैफली आणि संगीत नाटके रंगली असती? शिवाय लग्नकार्यात गुलाबदाणी आणि अत्तरदाणी फिरल्याखेरीज आपल्या घरांतला समारंभ पुरा झाला असे कोणी मानीत नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. राजाच्या विलासाची बाग जनतेच्या पैशाने का सजवावी? राजाची होती तेव्हा तिचे फाटक सर्वांना उघडे नव्हते, हे खरे. पण आता वास्तू सार्वजनिक आहे, आणि जे सर्वांचे झाले ते चांगल्या स्थितीत असावे, ही मागणी विलासाची नव्हे. मात्र खर्चाचा मोठा वाटा शोभेच्या कारंज्यांवर न जाता कष्ट करणाऱ्या माणसांच्या पगारावर जावा, एवढी अट त्यात घातली पाहिजे.

तिसरा आक्षेप पाण्याचा. तोही खरा आहे. परंतु २०२१ साली इंदूर हे देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची व्यवस्था येथे आहे. असे पाणी क्षार तपासून ठिबकने मुळाशी दिले, तर पिण्याच्या पाण्याला हात न लावता बाग जगेल. आणि पाने कोरडी राहिल्याने काळ्या ठिपक्यांचा रोगही कमी होईल.

राहिला प्रश्न आपण काय करावे हा. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकारांनी १९१८ साली इंदूर दरबाराला शहराचा अहवाल दिला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांची एक युक्ती तितकीशी ठाऊक नाही. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केले, की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरच्या लोकांनी घरे दुरुस्त केली असतील, झाडे लावली असतील, त्याच रस्त्याने जाईल. लोक झाडून कामाला लागले. शहर सुधारायचे तर त्यात लोकांचा हात लागला पाहिजे, हे त्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी येथेच दाखवून दिले.

आपल्या घरांतही लालबागेच्या उपयोगी पडेल असे बरेच काही आहे. जुन्या अल्बमांतून लालबागेत काढलेली छायाचित्रे असतील. त्यांत माणसांच्या मागे वाफ्यांच्या कडा आणि वाटांची वळणे दिसतात. ती मूळ घरीच ठेवून त्यांच्या प्रती अभ्यासकांना द्याव्यात. काही घरांच्या मागील दारी आजेसासूबाईंनी लावलेला, गुलकंदाचा म्हणून राखलेला गुलाबी, सुवासिक गुलाब अजून असेल. तो बहुधा एडवर्ड जातीचा असतो, आणि वाडा पाडून इमारत उठवताना पहिला घाव त्याच्यावर पडतो. वाडा पाडणे टळत नसेल तर पावसाळ्यात त्याच्या चार काड्या तरी लावून घ्याव्यात. आणि ज्यांना देणगी द्यायची असेल त्यांनी बाकावर कोरण्याच्या नावासाठी ती देऊ नये. एखाद्या होतकरू मुलाला जाणत्या माळ्याच्या हाताखाली तीन वर्षे शिकता येईल, अशा वेतनासाठी द्यावी.

तेव्हा लालबागेच्या गुलाबांची गोष्ट पुन्हा निघेल तेव्हा आपण चार गोष्टींचा आग्रह धरावा: आधी मोजणी, मग माती, मग कायमचे माळी आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले, आणि सर्वांत शेवटी रोपे. उद्घाटनाच्या दिवशी किती हजार रोपे लागली, हे वर्तमानपत्रे सांगतीलच. त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, दसरा झाल्यावर, छाटणीला कोण उभे आहे, हे मात्र आपणच जाऊन पाहिले पाहिजे.